पाण्याखालचा श्वास

गेल्या महिन्यात बेला परिसरातील एका कास्तकार पालकांचे पत्र आले. त्यांचा मुलगा आमच्याच शाळेत मराठी माध्यमातून शिकलेला असून आता हैदराबादेस नोकरीस आहे. दोन हिवाळे मालवणास जाऊन त्याने पाण्याखाली उतरण्याचे रीतसर शिक्षण घेतले, प्रमाणपत्र मिळविले आणि आता स्वतःचे श्वासयंत्र विकत घेण्याचे मनावर घेतले आहे. वडील लिहितात, "गुरुजी, हवा वर फुकट मिळते. खाली जाऊन तिच्यासाठी साठ हजार मोजायचे, हे आम्हांस उमजत नाही. पण जिवाचा प्रश्न आहे असे तो म्हणतो, म्हणून नको म्हणायलाही धीर होत नाही. आपण चार पुस्तके पाहून सांगावे."

माझी स्वतःची मजल पैनगंगेच्या डोहात सूर मारण्यापलीकडे कधी गेलेली नाही, तेव्हा या विषयावर अधिकारवाणीने बोलण्याचा आव मी आणणार नाही. परंतु आमचे भौतिकशास्त्राचे शिक्षक, पाण्याखाली नित्य उतरणारे दोन माजी विद्यार्थी आणि या यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांच्या साहाय्याने जे समजले, ते येथे मांडतो. दिवाळीच्या वा नाताळच्या सुटीत आपल्यापैकी कित्येक कुटुंबे कोकणात किंवा गोव्यास जातात आणि घरातली मुले नळी तोंडात धरून पाण्यात उतरतात. त्यामुळे हा प्रश्न त्या एका घरापुरता राहिलेला नाही.

हे यंत्र काय करते ते समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. गॅसच्या टाकीत वायू मोठ्या दाबाखाली कोंडलेला असतो आणि टाकीच्या तोंडावर बसविलेला रेग्युलेटर तो दाब उतरवून शेगडीस मानवेल इतकाच वायू पुढे सोडतो. पाणबुड्याच्या पाठीवरील नळकांड्यातही असाच प्रकार असतो, मात्र दाब कितीतरी मोठा. मोटारीच्या चाकात साधारण सव्वादोन बार दाब असतो. नळकांड्यात तो २०० बारच्या घरात असतो. एवढ्या दाबाची हवा थेट तोंडात घेणे अर्थातच अशक्य. म्हणून यंत्राचे दोन टप्पे असतात. पहिला टप्पा नळकांड्याच्या झडपेवर आवळून बसवितात. तो हवेचा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक, इतक्यावर आणून ठेवतो. तेथून नळीवाटे हवा दुसऱ्या टप्प्याकडे येते. हा दुसरा टप्पा म्हणजे तोंडात धरावयाची डबी. तिच्यातील लवचीक पडदा श्वास घेताच आत ओढला जातो, त्याने एक तरफ दबते, झडप उघडते आणि मागितली तेवढीच हवा मिळते. मागणे थांबले की झडप मिटते. गॅसची शेगडी मात्र मागणी नसतानाही जळत राहते. यंत्रातला खरा चमत्कार येथे आहे.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? लांब पोकळ नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेता येणार नाही काय? येत नाही. प्रत्येक १० मीटर खोलीस पाण्याचा दाब एका बारने वाढतो. हाताएवढ्या खोलीवरच छातीच्या फासळ्यांना तो भार उचलून फुगणे जड जाऊ लागते आणि एक मीटरच्या पुढे ते जवळजवळ अशक्य होते. हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाची मिळाली, तरच छाती हलते. द्वैपायन डोहात दडून बसलेल्या दुर्योधनास जलस्तंभनाची विद्या अवगत होती असे महाभारत सांगते. ती विद्या ज्यास येत नाही, त्याला हा यंत्राचा दोन टप्प्यांचा हिशेब पाळणे भाग आहे. १० मीटरवर भोवतालचा दाब दोन बार होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात वरच्यापेक्षा दुप्पट हवा खर्च होते. २० मीटरवर तिप्पट. हवा दाट झाली की ती ओढण्यास श्रमही अधिक पडतात. यंत्र बरे की वाईट, ते किनाऱ्यावर कळत नाही. खोलीवर, दमछाक झाली असता कळते. आमची मुले घरी बोलताना श्वासाला सहज 'ऊपिरि' असा तेलुगू शब्द वापरून जातात. शब्द कोणताही असो, पाण्याखाली तो मोजूनच घ्यावा लागतो.

या यंत्राचा जन्म समुद्रात नव्हे, खाणीच्या संदर्भात झाला, हे आपल्या भागातील वाचकांस विशेष वाटेल. बेल्लमपल्ली, मंदमर्री येथील सिंगरेणीच्या कोळसा खाणी २०१६ पूर्वी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होत्या (आता त्या मंचिर्याल जिल्ह्यात मोडतात), त्यामुळे खाणीत विषारी वायू साठणे म्हणजे काय, हे या प्रदेशास सांगावे लागत नाही. फ्रान्समधील बेनुआ रुक्वेरोल हा खाण अभियंता. दूषित हवेच्या बोगद्यात उतरणाऱ्या माणसास मागेल तेवढीच शुद्ध हवा पुरवील, अशी झडप त्याने १८६० च्या सुमारास सिद्ध केली आणि पुढे ओग्युस्त दनेरूझ या नौदल अधिकाऱ्याच्या साहाय्याने ती पाण्याखाली नेली. झ्यूल व्हेर्नने आपल्या सागरतळाच्या कादंबरीत, १८७० साली, कॅप्टन निमोच्या पाठीवर याच दोघांचे यंत्र चढविले आहे. तथापि त्या काळी मोठ्या दाबाची नळकांडी नव्हती आणि कल्पना पुढे पाऊणशे वर्षे अर्धवटच राहिली.

तिला पूर्णत्व आले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा मोटारी लाकडा-कोळशाच्या वायूवर चालविण्यासाठी एमिल गान्याँ या अभियंत्याने वायू हवा तेवढाच सोडणारी झडप केली होती. नौदलातील झाक-इव्ह कुस्तोने तीच पाण्यासाठी वापरण्याचे ठरविले. १९४३ च्या आरंभी मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली परीक्षा झाली, तेव्हा एक मजा घडली. कुस्तो आडवा असता हवा सुरळीत मिळे. उभा राहिला की ती भसाभसा वाया जाई आणि डोके खाली केले की ओढूनही येईना. सोडलेली हवा बाहेर जाण्याचे तोंड आणि आत येणाऱ्या हवेची झडप यांच्यात काही इंचांचे अंतर राहिले होते, एवढेच त्याचे कारण. दोन्ही शेजारी आणताच यंत्र सुधारले. काही इंच पाण्याचा फरक माणसाच्या श्वासाला कळतो, ही गोष्ट आज दुकानात उभे राहणाऱ्यानेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दुकानदार ज्या गुणांसाठी अधिक पैसे मागतो, त्यांतील मोठा भाग थंड पाण्यासाठी असतो. याचे कारण सोपे आहे. मोठ्या दाबाची हवा एकाएकी पसरली की ती थंड होते. मुळातच पाणी थंड असेल, तर पहिल्या टप्प्यातील पाणी गोठून बर्फ होते, झडप उघडी अडकते आणि हवा धो-धो सुटून नळकांडे काही मिनिटांत रिकामे होते. हे टाळण्यासाठी पाणी आत येऊच न देणारे बंदिस्त कोठे, उष्णता पोहोचविणारे पंखे, विशेष लेप असे उपाय योजतात. युरोपच्या ई.एन. २५० या प्रमाणात १० अंश सेल्सिअस ही सीमारेषा धरली आहे. ज्या यंत्राने थंड पाण्याची कसोटी दिलेली नाही, त्यावर '१० अंशांहून अधिक' अशा अर्थाची खूण असते. ही खूण पाहून पुष्कळ जण माल हलका समजून नाक मुरडतात. आपल्या संदर्भात तो समज निराधार आहे. मालवण, गोवा, कर्नाटकातील नेत्राणी, लक्षद्वीप, अंदमान, कोठेही उतरा, पाण्याचे तापमान साधारण २५ ते ३० अंशांत राहते. गंमत अशी की पुस मासात आदिलाबादेत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा उंबरठ्याबाहेर पडणाऱ्या आपल्या मुलाला जी थंडी लागते, ती त्याला मालवणच्या समुद्रात कधीच भेटणार नाही! यास्तव केवळ थंड पाण्याच्या कवचासाठी वीस-पंचवीस हजार अधिक मोजू नयेत. मुलगा उद्या नॉर्वेस गेला तर त्या वेळी पाहता येईल.

पहिल्या टप्प्याचे दोन प्रकार असतात. एकात दट्ट्या असतो, दुसऱ्यात रबरी पडदा. दट्ट्याच्या रचनेत हलणारे भाग थोडे, दुरुस्ती सोपी आणि हवेचा ओघ भरपूर. मात्र समुद्राचे पाणी आतील स्प्रिंगपर्यंत जाते आणि मीठ, गाळ तेथे बसतो. पडद्याच्या रचनेत यंत्र पाण्यापासून अलग राहते, पण सुटे भाग अधिक आणि दुरुस्ती थोडी महाग. स्वच्छ पाण्यात दोन्ही सारखेच कामाचे. परंतु आपला किनारा खाड्यांचा आहे; नद्या आणलेला गाळ समुद्रात ओततात, त्यामुळे मालवणजवळ पाणी कित्येकदा गढूळ असते. म्हणून कोकणात वारंवार उतरणाऱ्याने पडद्याचा प्रकार घ्यावा, असे माझे मत झाले आहे. बंदिस्त कोठ्याचा उपयोग होईल तर तो येथे, गाळ आणि मीठ बाहेर ठेवण्यापुरता. अंदमानास वर्षातून एकदा जाणाऱ्यास साधा दट्ट्या पुरे.

याहून महत्त्वाचा भेद दुसराच आहे. काही यंत्रांत नळकांड्यातील दाब उतरू लागला की श्वास ओढणे थोडे जड होते. काहींत रचना अशी समतोल असते की २०० बार असो वा ५०, श्वास सारखाच मिळतो. दुकानात यास 'बॅलन्स्ड' म्हणतात. सहा-सात मीटरवर वीस मिनिटे रमणाऱ्यास हा फरक जाणवणारही नाही. परंतु प्रमाणपत्र घेतलेला तरुण १८ मीटरपर्यंत जातो आणि दम लागतो तो बहुधा शेवटी, प्रवाहाविरुद्ध नौकेकडे येताना, म्हणजे नळकांडे रिकामे होत आले असतानाच. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी 'आंग्रिया बँक' ही प्रवाळभूमी आहे. तिचा माथाच सुमारे २० मीटर खोल आहे. अशा ठिकाणांची ज्यास हौस आहे, त्याने जास्तीचे पैसे द्यावयाचे तर ते या गुणासाठी द्यावेत.

आणि तरीही मी त्या पालकांना सर्वप्रथम जो प्रश्न विचारण्यास सांगितले, तो यांपैकी एकही नव्हता. प्रश्न असा: हे यंत्र बिघडले वा त्याची मुदत भरली, तर ते उघडून दुरुस्त करणारा, कंपनीचे शिक्षण घेतलेला माणूस आपल्या देशात कोठे आहे आणि सुटे भाग त्याच्यापाशी मिळतात काय? स्कूबाप्रो, मारेस, क्रेसी, अ‍ॅक्वालंग ही सारीच नामांकित घराणी आहेत. पाण्याखाली त्यांच्यात जो फरक पडतो, त्याहून मोठा फरक दुरुस्तीच्या सोयीने पडतो. आतील रबरी कडी, झडपेची बैठक या वस्तू झिजतात. कोणी वर्षाने, कोणी दोन वर्षांनी, तर कोणी शंभर वेळा उतरल्यानंतर त्या बदलावयास सांगतात. त्या त्या यंत्राची पुस्तिका काय सांगते ते पाळावे. परदेशातून नातलगाने स्वस्तात आणलेले अप्रतिम यंत्र, ज्याची कडी भारतात मिळत नाही, ते दोन वर्षांत कपाटाची शोभा होऊन बसते. वापरलेले यंत्र विकत घेण्यास माझा विरोध नाही, पण मग पूर्ण दुरुस्तीचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा आणि दुरुस्तीची पावती पाहिल्यावाचून पाण्यात उतरू नये. शेतातली मोटार आपण अशीच घेतो. येथे तर जीव टांगलेला.

झडपेवर बसविण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एकात शिकंजा असतो, जो झडपेभोवती अडकवून स्क्रूने आवळतात. दुसऱ्यात आटे असतात आणि यंत्र झडपेच्या आत फिरवून बसवितात. आट्यांची तऱ्हा अधिक भक्कम, कारण तिच्यातील रबरी कडी कोंडलेली राहते. परंतु नळकांडे आपले नसते, केंद्राचे असते. तेव्हा ज्या केंद्रांवर जाणे होते, तेथील झडपा कोणत्या आहेत हे आधी विचारावे. आट्यांच्या यंत्रास शिकंजा जोडण्याचा सांधा मिळतो, तो जवळ असू द्यावा.

दुसरा टप्पा मात्र तोंडात धरून पाहावा. त्यावाचून घेऊ नये. धातूची डबी जड, जबडा दुखविणारी. पण उच्छ्वासातील ओल तिच्यावर साचते म्हणून नळकांड्यातील कोरडी हवा घशास कमी टोचते. प्लास्टिकची हलकी. आमच्यासारख्यांना आदिलाबादहून मुंबई, तेथून कोकण रेल्वेने कुडाळ आणि पुढे मालवण असा प्रवास सामान खांद्यावर घेऊन करावयाचा असतो, तेव्हा हलकेपणासही मोल आहे. शक्य तर केंद्राच्या तलावात आडवे, उभे, डोके खाली, उताणे असे सर्व प्रकारे श्वास घेऊन पाहावे. कुस्तोला मार्न नदीत जे कळले, ते आपल्यालाही अर्ध्या तासात कळेल. यंत्रास जोडून आणखी एक पिवळी डबी लांब नळीवर असते. ती आपल्यासाठी नसते. जोडीदाराची हवा संपली तर त्याच्यासाठी असते. खर्च वाचविण्यासाठी ती हलक्या दर्जाची घेण्याचा सल्ला काही जण देतात. तो मला पटला नाही. घाबरलेला माणूस श्वास मोठा ओढतो. त्याच्या वाट्याला येणारे यंत्र आपल्यापेक्षा वाईट का असावे?

हे सारे वर्षातून दहा-बारा वेळा उतरणाऱ्यासाठी झाले. सहलीत एकदा उतरणाऱ्याने काही विकत घेऊ नये. केंद्राचे यंत्र वापरावे. परंतु डोळे उघडे ठेवावेत. तोंडातील रबर फाटलेले नाही ना, नळीला मुळाशी चिरा पडलेल्या नाहीत ना, पाण्यात उतरण्यापूर्वी चार श्वास घेताना दाबमापकाचा काटा हलत तर नाही ना, इतके कोणालाही पाहता येते. काटा श्वासागणिक खाली-वर झाला, तर झडप पुरती उघडलेली नाही असे समजावे. शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, असे विचारल्यावर जो चालक रागावतो, त्याच्याकडे उतरू नये. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस पाण्याखालच्या शिक्षणाची संस्था चालविली आहे. ज्यांस शिकावयाचे आहे त्यांनी अशा ठिकाणी रीतसर शिकावे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीनजीक पर्यटकांस घेऊन परतणारी नौका उलटली आणि दोघांचा अंत झाला. ते पाण्याखालून सुखरूप वर आले होते. म्हणून यंत्राची चौकशी करताना नौकेची, तीत किती माणसे बसवितात याची आणि अंगातील तरंगत्या जाकिटाचीही चौकशी करावी.

वडिलांस मी कळविले आहे की, साठ हजारांतील पंधरा-वीस हजार कमी करता येतील, ते थंडीचे कवच सोडून. आणि त्यांतलेच काही पुढील दुरुस्तीसाठी बाजूस ठेवावेत. पैसे मुलाच्या कमाईचे आहेत, तेव्हा व्यर्थ उधळपट्टी असे त्यास मी म्हणणार नाही. भाड्याच्या यंत्रात कोणाची लाळ, कोणाचा सर्दी-खोकला गेला हे ठाऊक नसते. आपले यंत्र आपल्या निगराणीत असते.

ती निगराणी घरातील मंडळींनाही ठाऊक असावी, कारण मुलगा सुटी संपवून जातो आणि यंत्र कित्येकदा घरी राहते. समुद्रातून आल्यावर यंत्र त्याच दिवशी गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे. आपल्या उष्णतेत मीठ झटपट सुकते आणि एकदा खडा बांधला की नुसत्या धुण्याने निघत नाही. पहिल्या टप्प्याच्या तोंडावर टोपण घट्ट आहे, हे पाहिल्याशिवाय बुडवू नये आणि पाण्यात असता तोंडाच्या डबीवरील बटण दाबू नये. दाबल्यास पाणी नळीतून थेट पहिल्या टप्प्यात शिरते. नंतर सावलीत टांगून वाळवावे, उन्हात नव्हे. नळ्यांना मुडपून दोरीने बांधू नये, सैल वेटोळे करावे. आणि आपल्याकडील घरांत अशा वस्तू माळ्यावर टाकण्याची रीत आहे. पत्र्याखालच्या माळ्यावर वैशाखात रबराचे काय होते, हे ज्याने सायकलच्या ट्यूबा तेथे ठेवून पाहिल्या आहेत त्याला सांगणे नको. धान्याच्या कोठीशेजारची थंड, अंधारी जागा त्यास उत्तम. फक्त उंदरांपासून जपावे.